माळावर काय आहे, असं विचारणाऱ्यांना

‘निसर्गाचे फोटो काढायचे तर ताडोबाला जा, नाहीतर पावसाळ्यात कोकण गाठ. आपल्या दुष्काळी भागात काय आहे? नुसता माळ.’ नातेपुते, माळशिरस, म्हसवड, फलटण या पट्ट्यात हातात कॅमेरा धरलेल्या प्रत्येक पोराला हे कधी ना कधी ऐकून घ्यावं लागतं. घरचे म्हणतात, मित्र म्हणतात. स्पर्धांना परीक्षक म्हणून बसणारी जाणती माणसंही म्हणतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. हे म्हणणं चूक आहे. ज्याची त्याची आवड म्हणून ते सोडूनही देता येत नाही, कारण ‘इथं काही नाही’ या एका समजुतीवर या भागातल्या हजारो एकर जमिनीचं भवितव्य ठरत आलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. नातेपुते म्हणजे आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. बरडहून निघालेली पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते, नातेपुत्यात रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याला गोल रिंगण होतं. त्या दोन दिवसांत या रस्त्यावर इतके कॅमेरे येतात की पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईचे, दिल्लीचे, परदेशातलेही छायाचित्रकार रिंगणातल्या अश्वाच्या टापांसाठी जिवाचं रान करतात. पालखी वेळापूरकडे सरकली की तेही सगळे जातात. गावाच्या उत्तरेला नीरा नदीकडे कालव्याखालचं बागायत आहे, ऊस आहे. दक्षिणेला जमीन चढत जाते, काळी माती संपून मुरूम लागतो, ताली आणि ओघळी लागतात आणि पुढे शंभू महादेवाची डोंगररांग उभी राहते. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मुंगी घाटातून कावडी चढतात ती हीच रांग. रस्ता आणि डोंगर यांच्यामधल्या त्या माळाकडे कुणी कॅमेरा वळवत नाही.

‘तिथं काही नाही’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तिथं दुपारी बारा वाजता, मोटारसायकलवरून, कुठेतरी जाताना गेलेला असतो. माळ असा दिसत नाही. तो पायी दिसतो, आणि दिवसाच्या दोन टोकांना दिसतो.

एप्रिल संपत आलेला असताना, सगळ्यात रखरखीत दिवसांत, सकाळी उजाडायच्या आधी तिकडे चालायला लागा. मेंढरांनी गवत बुडख्यापर्यंत खाल्लेलं असतं. हिरवं म्हणाल तर तरवडाची झुडपं, एखादा हिवर, एखादी बाभूळ. अशा उघड्या मुरमावर धाविक पक्षी उभा असतो. तुमच्या पंचवीस पावलांवर असला तरी हलेपर्यंत दिसत नाही. हलला की मात्र नजर सुटत नाही: उंच पाय, विटकरी छाती, डोळ्यावरून मानेकडे गेलेली काळी-पांढरी रेघ. चार-पाच ढांगा पळतो, थबकतो, मान ताठ करतो, खाली वाकून एखादी वाळवी टिपतो, पुन्हा पळतो. त्याच्याच शेजारच्या मोकळ्या जागेत माळटिटवीचं घरटं असतं. घरटं म्हणजे खड्यांत केलेला उथळ खळगा, आत चार अंडी, चारही टोकं मध्याकडे. अंड्यांचा रंग मुरमाचा आणि वर काळपट ठिपके. टिटवी घरट्यावरून थेट उडत नाही. आधी वाकून, गुपचूप चालत लांब जाते आणि मगच ओरडायला लागते, म्हणजे तुम्ही ती ओरडली तिथं शोधत बसावं. बेचाळीस अंश तापमानात ती अंड्यांवर ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला बसते. पाणी जवळ असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. पखुर्डीचा नर तर छातीची पिसं पाण्यात बुडवून पिलांसाठी पाणी वाहून नेतो. हे सगळं ‘नुसत्या माळावर’ घडतं, आणि माळ उघडा आहे म्हणूनच घडतं.

याच उन्हात एखाद्या दगडावर एक सरडा चढून बसतो. एरवी मातीच्या रंगाचा, डोळ्यांत न भरणारा. मादीला दाखवायला किंवा दुसऱ्या नराला हुसकायला तो गळ्याखालची पंख्यासारखी पिशवी उघडतो तेव्हा त्यात निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकदम दिसतात. दख्खनच्या पठारावरच्या अशा सरड्यांसाठी शास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘सरडा’ याच नावाचा नवा वंश (जीनस) मांडला. त्यातल्या एका जातीचं वर्णन साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून झालं. त्या पठारावर पवनचक्क्या बसवताना तेही मोकळंच समजलं गेलं होतं. विज्ञानाला नवी असलेली एक अख्खी शाखा आपल्या डोळ्यांसमोरच्या उजाड दगडांवर बसलेली होती. मग ‘काढण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न विचारायचा कुणी आणि कुणाला?

दिवाळीच्या सुमाराला, गवत राखलेलं असेल तिथं, कुसळी आणि पवन्या पिकून गुडघ्यापर्यंत उभे असतात. ज्यांना वाटतं की माळाचे फोटो सुंदर येत नाहीत, त्यांनी या दिवसांत सूर्याकडे तोंड करून उभं राहावं. कुसळीचे तुरे मागून येणाऱ्या कोवळ्या उन्हात पेटल्यासारखे दिसतात, वाऱ्याची प्रत्येक लाट गवतातून सरकताना दिसते. त्याच महिन्यांत भोवत्ये येतात. हे शिकारी पक्षी मध्य आशियातल्या, कझाकस्तानसारख्या देशांच्या गवताळ मैदानांतून हजारो किलोमीटर उडून येतात आणि आपल्या माळांवर हिवाळा काढतात. संध्याकाळी उन्हं कलली की ते एकेक करून गवतावरून अगदी खालून तरंगत येतात. राखी पाठीचे, पंखांची टोकं काळी असलेले नर आणि तपकिरी माद्या. दोन-चार घिरट्या घालतात आणि उंच गवतात टपकन उतरून दिसेनासे होतात. हे पक्षी झाडावर रात्र काढत नाहीत, जमिनीवर, गवतात काढतात. गवत जाळलं, नांगरलं किंवा त्याच्या जागी रोपं लावली, तर त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची जागाच जाते.

इथं मी ज्यांच्याशी वाद घालतो आहे त्यांचा दुसरा आणि जास्त जोरदार मुद्दा येतो. ते म्हणतात, आज माळ ओसाड आहे, म्हणून झाडं लावा. झाडं वाढली की पाऊस येईल, पाखरं येतील, मग फोटोही काढा. या म्हणण्यामागची कळकळ मला ठाऊक आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडत काढला त्यांच्या मनात हिरवळीची ओढ असणारच, आणि गावात, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठाला झाडं हवीतच. पालखी मार्ग रुंद करताना जुनी झाडं गेली त्याचं दुःख आम्हा सगळ्यांना आहे. पण माळावर खड्डे खणून ओळीनं गिरिपुष्प लावणं ही त्याची भरपाई होत नाही. जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या जमिनीवर निसर्गाने गवत उभं केलं, कारण तिथं गवतच टिकतं. धाविकाला, माळटिटवीला, चंडोलाला, चिंकाऱ्याला लांबपर्यंत मोकळं दिसणारी जमीन लागते, कारण शत्रू येताना दिसणं हाच त्यांचा बचाव आहे. झाडी वाढली की ते तिथून उठतात. माळढोक पक्ष्याच्या अभ्यासात हयात घालवलेले असद रहमानी हेच वर्षानुवर्षं सांगत आले: गवताळ प्रदेशाला जंगल करायला जाऊ नका.

तरीही सरकारी नकाशांत आपल्या माळांचा बराच भाग पडीक जमीन म्हणून नोंदला गेला आहे. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह काढले, त्यांत झुडपी माळ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला आहे. एकदा जमीन पडीक ठरली की ती ‘उपयोगात आणायला’ मोकळी होते. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडं लावण्याची उद्दिष्टं जाहीर झाली. एवढ्या झाडांना जागा लागते, आणि जागा शोधणाऱ्याची नजर आधी उघड्या गायरानाकडे आणि माळाकडे जाते.

आता छायाचित्रांची यात भूमिका काय, ते बघा. कॅलेंडरवर, शाळेच्या भिंतीवर, स्पर्धेच्या बक्षिसांत, मोबाईलवर फिरणाऱ्या शुभेच्छांत आपण निसर्ग म्हणून जे दाखवतो त्यात धबधबा असतो, धुकं असतं, घनदाट झाडी असते. पिवळा माळ त्यात कधी नसतो. तीस वर्षं हीच चित्रं बघत मोठा झालेला माणूस पुढे सरपंच होतो, अधिकारी होतो, देणगीदार होतो. माळ बघितला की त्याला तिथं कशाचा तरी अभाव दिसतो आणि तो चांगल्या मनाने तो अभाव भरून काढायला निघतो. ‘आपल्या भागात फोटो काढण्यासारखं काही नाही’ असं म्हणणारा परीक्षक आणि ‘ही जमीन पडीक आहे’ असं लिहिणारा कागद एकच चूक करत असतात.

सोलापूर जिल्ह्याला तर हे नव्याने शिकवायची गरज पडू नये. याच जिल्ह्यात नान्नजच्या माळावर बी. एस. कुलकर्णी या शिक्षकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माळढोक पाहिले आणि लोकांना दाखवले. एका शिक्षकाने पायी फिरून नीट बघितलं, त्यातून पुढे १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. ८४९६ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य पुढे आक्रसून १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज राज्यात माळढोक दिसला तर ती बातमी होते. त्या काळात जिल्ह्यातल्या गावागावांत माणसं आपापल्या माळाचे फोटो तारखेनिशी काढत असती, तर माळढोक कुठून कधी उठला याचा एक साधा हिशेब तरी आज आपल्या हातात असता. तो नाही.

ताडोबाला जा म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. ताडोबा मोठंच जंगल आहे, १९५५ पासूनचं राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. जाऊन या. पण तिथं छायाचित्रण शिकता येईल हे मला मान्य नाही. जिप्सीत बसायचं, ठरलेल्या रस्त्यानं जायचं, वाघ दिसला की सहा गाड्यांच्या मधून दिसेल तेवढं टिपायचं, वेळ संपली की बाहेर पडायचं. पाऊल जमिनीला लागत नाही, वाऱ्याची दिशा कळत नाही, माग वाचता येत नाही. आणि या पद्धतीचं टोक आपण पाहिलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्या प्रकाराची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. फोटोसाठी बछड्यांची वाट अडवायची बुद्धी होते, कारण त्या माणसांनी त्या फोटोसाठी पैसे मोजलेले असतात आणि तासाभरात तो मिळायला हवा असतो. माळावर पायी चालणाऱ्याला अशी घाई परवडतच नाही. चिंकारा तुम्हाला अर्धा किलोमीटरवरून बघतो. तो जवळ येऊ देतो की नाही हे तुमच्या चालण्यावर ठरतं. थेट त्याच्याकडे चालाल तर तो जाईल. तिरकं चालाल, मध्ये मध्ये बसाल, मेंढपाळासारखे वागाल, तर कदाचित चरत राहील.

महागड्या भिंगांचा मुद्दाही याच ओघात येतो. सहाशे मिलिमीटरचं मोठं भिंग दहा लाखांच्या वर जातं, ते दुष्काळी भागातल्या मुलाने आणायचं कुठून, असं विचारतात. मी विचारतो, ते हवंच कशाला? त्या भिंगातून निघणाऱ्या फोटोत प्राण्याच्या पापणीचा केस न् केस दिसतो आणि मागचं सगळं विरघळून जातं. तो प्राणी कुठे राहतो, काय खातो, कशाला घाबरतो, यातलं काहीच त्या फोटोत उरत नाही. असा फोटो प्राणिसंग्रहालयातही निघेल. माळावर साध्या कॅमेऱ्यातून चिंकारा बोटाच्या पेराएवढा येतो, आणि त्याच्या भोवती पिकलेलं गवत, मागे शिंगणापूरचा डोंगर, बाजूला मेंढरांचा कळप, लांबवर उसाची हिरवी रेघ. निसर्गदृश्य आणि वन्यजीव असे दोन वेगळे विषय इथं राहत नाहीत, एकाच चौकटीत येतात. मद्रासचे एम. कृष्णन यांनी कृष्णधवल फिल्मवर, स्वतः जुळवलेल्या साधनांनी, बरंचसं पायी आणि हत्तीवरून फिरत हत्तींची, हरणांची छायाचित्रं काढली. रंग नाहीत, झगमगाट नाही, तरी तो प्राणी आणि त्याचं रान दोन्ही त्यांत आहेत. १९५० पासून थेट १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गावर सदर लिहीत राहिले, आणि त्यांच्या सदरात खार, कावळा, माळावरची पाखरं यांना वाघाइतकीच जागा होती. आज खिशातल्या फोननेही मातीतला तरसाचा माग नीट टिपता येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात, मापासाठी शेजारी काडेपेटी ठेवून, वरून सरळ काढलेला मागाचा फोटो अभ्यासकाला पापणीच्या केसांपेक्षा जास्त कामाचा असतो.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. फोटो काढणारे वाढले की त्रासही वाढतो, असं जे वनखात्यातले लोक आणि अभ्यासक म्हणतात, ते खरं आहे. भर उन्हात टिटवीच्या घरट्यापाशी कॅमेरा लावून बसलेला माणूस तिला अंड्यांवर येऊ देत नाही, आणि त्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात आतल्या आत शिजतात. लांडग्याची मादी हिवाळ्यात घळीतल्या बिळात पिलं घालते. बिळाची जागा मोबाईलवर फिरली की गाड्या येतात, आणि मग ती पिलांना तोंडात धरून दुसरी जागा शोधत फिरते. देशात लांडगे उरले आहेत अंदाजे तीन हजारांच्या घरात. मेंढ्या गमावलेल्या एखाद्या रागावलेल्या माणसाला बिळाचा पत्ता मिळाला तर काय होतं हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून घरट्याचा फोटो काढू नये, बिळाचा तर नाहीच, दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा उघड करू नये, आणि मोटारसायकलने प्राण्यामागे धावू नये. ते करणाऱ्याचा फोटो कितीही चांगला असला तरी स्पर्धेतून बाद करावा. पण या आक्षेपाचा अर्थ ‘माळावर जाऊच नका’ असा होत नाही. कुणीच बघत नसलेल्या माळावर रात्रीतून मुरूम उपसला जातो, गवताला आग लागते, सशाला फासे लावले जातात, आणि सकाळी विचारणारं कुणी नसतं.

आणि आपण नसलो तरी माळावर कुणीतरी रोज असतंच. मेंढपाळ. नातेपुत्याच्या या अंगाला धनगर वाड्या जुन्या आहेत. लांडगं काल कुठल्या ओघळीतून आलं, खोकडाचं बीळ यंदा कुठे आहे, पाणवठ्यावर पहाटे काय येतं, हे त्यांना ठाऊक असतं. कॅमेरा घेऊन येणारा त्यांना रामराम न घालता पुढे जातो, हे मला खटकतं. त्यांच्या मेंढ्या लांडगा नेतो, ते नुकसान सोसून तीच माणसं लांडग्याबद्दल द्वेष न धरता बोलतात. अशा माणसाबरोबर एक सकाळ चालणं हे कुठल्याही शिबिरापेक्षा मोठं शिक्षण आहे, आणि त्याच्या कळपाचा, त्याच्या कुत्र्यांचा, त्याच्या उठत्या वाड्याचा फोटो हाही माळाचाच फोटो आहे.

वाऱ्याची दिशा हळूहळू बदलते आहे, हेही सांगायला हवं. पुणे जिल्ह्यात इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकाऱ्यासाठी लोक मुद्दाम येतात. ही ठिकाणं नातेपुत्याहून काही लांब नाहीत. माळ तसाच, गवत तेच, पाऊसही तेवढाच. फरक आहे तो तिथल्या माणसांनी ‘आमच्याकडे आहे’ असं म्हणायला सुरुवात केली याचा. मला तिथल्या गाड्यांची काळजीही वाटते. उमरेडचं जे झालं ते गवतावर व्हायला वेळ लागणार नाही. नातेपुत्याने सफारी मागू नये. इथं रस्ता आखलेला नाही, तिकीट नाही, आणि चालायला मोकळीक आहे. हेच राखावं.

माळ राखायला एक कायदाही हाताशी आहे: जैवविविधता कायदा, २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. इथल्या पोरांना माझं सांगणं आहे की आपले फोटो त्या नोंदवहीपर्यंत न्या. माळावरची एक जागा ठरवा, एखादा ओळखीचा हिवर किंवा तालीचा दगड धरा, आणि तिथूनच, त्याच दिशेला, दर महिन्याला एक फोटो काढा. गवत केव्हा आलं, केव्हा पिकलं, कुणी राखलं, कुणी जाळलं, हे बारा फोटोंत कळतं. सोबत पाखरांचे, मागांचे, लेंड्यांचे, फुललेल्या तरवडाचे फोटो तारीख आणि शिवार घालून जोडा. लांडग्याचं शिवार मात्र समितीपुरतं ठेवा. मग आसपासच्या एखाद्या गावात गायरान कुणाला तरी देऊन टाकण्याचा किंवा त्यावर हजार खड्डे घेण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, त्या दिवशी हात वर करून उभं राहा आणि मतदानाआधी नोंदवहीतली ती पानं सभेत वाचून, दाखवून घ्या.